सगळ्यांसमोर घेतलेलं नाव

आल्हाद साहेबांनी सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं, टाळ्या वाजल्या, आणि मला पहिलं काय आठवलं असेल तर आनंदीबाईची साडी. मोरपंखी, बारीक जरीकाठाची. आनंदीबाई इथल्याच पूर्णा गावातली, तिच्या मागच्या दारातून आमच्या गोदामाची भिंत दिसते. गोदाम सुरू झालं तेव्हापासून आमचा चहा तीच करायची. एका महिला दिनाला आधीच्या मॅनेजरने तिला पुढे बोलावलं, साडी दिली, नारळ दिला, आनंदीबाई म्हणजे आपल्या गोदामाची आई, वगैरे वगैरे. बाई डोळ्याला पदर लावून म्हणाली, "मना आजपरत कोनी असा बोललेला न्हाय." आम्ही टाळ्या वाजवल्या, मी तर जरा जास्तच. पुढच्याच महिन्यात चहाचं मशीन आलं. बटण दाबलं की कपात फेसाळ गोड पाणी पडतं, आणि आनंदीबाई घरी. मग जिब्रान. पॅकिंगचा जिब्रान, हुशार माणूस, त्याचा फोटो मोठा करून भिंतीवर लावला, खाली 'महिन्याचा तारा' असं छापलं, आणि फोटोचे कोपरे सुटायच्या आत ठेकेदाराने त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. फोटो मात्र बरेच दिवस तसाच. जिब्रान भिंतीवरून हसत होता आणि खाली दुसराच कुणीतरी त्याचं काम शिकत होता. तेव्हापासून मी एक वाक्य करून ठेवलंय आणि इथे नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला ते ऐकवते: ज्याचं कौतुक, त्याची गच्छंती. लोक हसतात. हसा बापडे.

तर टाळ्या. पत्र्याच्या एवढ्या उंच छपराखाली टाळ्या लगेच विरत नाहीत, वर जाऊन परत खाली येतात. माझे कान तापले. साहेब म्हणत होते, "शुभदाताई डिस्पॅचला आहेत म्हणून आपल्या गाड्या वेळेवर निघतात. कंपनीने आता ठरवलंय की चांगल्या कामाचं मनापासून कौतुक करायचं. या वेळी आपल्याकडून मी ताईंचं नाव वर पाठवणार आहे." मनापासून म्हणे! मनापासूनच्या गोष्टी कंपनी कधीपासून ठरवायला लागली? मी त्यांच्या तोंडाकडे बघितलंच नाही, हातांकडे बघत होते. हात रिकामे होते. साडी नाही, नारळ नाही, फुलाची काडीसुद्धा नाही. त्याने तर मला जास्तच धास्ती बसली. फोर्कलिफ्टवरून अफजल ओरडला, "मॅडम, पार्टी तो बनती है!" सगळे हसले, मीही हसले, पण हसताना कुणीतरी दोन्ही गाल धरून ओढल्यासारखं वाटत होतं. वर पाठवणार म्हणजे कुठे? कुणाकडे? आणि आत्ताच का? गेले काही आठवडे गोदामात एकच कुजबुज होती, की मानकोलीचं गोदाम आणि आमचं पूर्णाचं, दोन्हींचं डिस्पॅच एका टेबलावर आणणार. आमच्या टेबलाला आम्ही दोघी, मी आणि मेहरीन. दोघींतली एक राहणार आणि एक जाणार, हे कुणी उघड बोललं नव्हतं, पण कुणाला माहीत नव्हतं असंही नाही.

मी अठ्ठेचाळीस वर्षांची. नवरा गेला, सासरचं कुणी विचारत नाही, मुलगी ओवी फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला. या वयात मला दुसरीकडे कोण उभं करणार? बायपासला जी नवी गोदामं होतायत तिथे टेबलावर पंचविशीतल्या मुली बसतात, इंग्रजीत फोन उचलतात. माझ्यासारखी गेली की 'आंटी, कळवतो' म्हणतात आणि कळवत नाहीत. मी दोन ठिकाणी जाऊन बघून आलेय, उगाच नाही बोलत. ही खुर्ची गेली की दुसरी नाही. साधी खुर्ची, एक चाक निखळलेलं, पण त्या खुर्चीवर माझं सगळं घर बसलेलं आहे. आणि म्हणून ते टाळ्यांचं प्रकरण झाल्यावर मी टेबलाशी आले ती पाय आपटतच.

मेहरीन उभीच होती. कोकणी मुसलमानांची मुलगी, घर जुन्या भिवंडीत, तीन वर्षं माझ्या हाताखाली. बोलते अस्सल मराठी, चिडली की मात्र हिंदीत. "ताई, मुबारक!" असं म्हणून माझा हातच धरला तिने.

"गप बस. ज्याचं कौतुक..."

"त्याची गच्छंती," तिनेच पुढचं म्हणून टाकलं. "पाठ झालंय हो. पण ताई, बरं वाटलं की नाही? खरं सांगा."

"जत्रेच्या बोकडाला हार घालतात, त्यालाही बरंच वाटत असेल. त्या नाशिकच्या गाडीचे कागद कुठायत? की तेही मीच शोधू?"

ती हसत हसत कागद शोधायला लागली. पण तिचा तो प्रश्न मला दिवसभर टोचत राहिला. बरं वाटलं की नाही. खोटं कशाला बोलू? वाटलं. साडी आठवायच्या आधी, अगदी निमिषभर, छातीत काहीतरी ऊबदार उघडलं होतं आणि मी ते घाईघाईने दाबून टाकलं होतं. भीती वाटते ती त्याचीच. आमच्या घरात एकाला असंच बरं वाटलं होतं. माझे बाबा, चिंतामणी, नारपोलीत नूर मोहम्मद शेठच्या लूम कारखान्यात हिशेब लिहायचे. आमचं घर कारखान्याच्या मागच्या गल्लीत. लूमच्या खडखडाटातच मी लहानाची मोठी झाले, वर्गात बाई हळू बोलल्या की मला ऐकूच यायचं नाही. शेठ उठल्यासुटल्या बाबांवर ओरडायचे. "चिंतामणी, डोकं घरी ठेवून आलास काय?" ते ओरडणं गल्लीत ऐकू यायचं आणि आई तांदूळ निवडता निवडता म्हणायची, ओरडतायत ना, मग काळजी नाही. आणि एके दिवशी बाबा भरदुपारीच घरी आले, हातात खिरीचं भांडं. हबीबा भाभींनी, शेठच्या बायकोने, खास त्यांच्यासाठी केलेली खीर. शेठनी लूम बंद करायला लावले होते, सगळ्या कामगारांना गोळा केलं होतं, बाबांना स्वतःच्या खुर्चीत बसवलं होतं आणि म्हणाले होते, "हा चिंतामणी नसता तर हा कारखाना नसता." बाबांनी ते आम्हाला इतक्यांदा सांगितलं की खीर गार झाली. खुर्चीचे हात कसे गुळगुळीत होते, तेसुद्धा सांगितलं. आठवड्याभरात कारखान्याला कुलूप लागलं. लूम भंगारात गेले. घणाने लोखंड फोडल्याचा आवाज घरात यायचा आणि मग एक दिवस तोही थांबला. त्या शांततेत मला झोप यायची नाही, उशी कानावर दाबून मी तो खडखडाट आठवत पडायची. बाबा पुढे दहा ठिकाणी फिरले, कुठेच रमले नाहीत. पण आल्यागेल्या प्रत्येकाला सांगत राहिले, शेठनी मला त्यांच्या खुर्चीत बसवलं. पाहुणे माना डोलवायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा न राहवून म्हटलं, बाबा, अहो तो तुम्हाला काढत होता, गोड बोलून गळा कापला तुमचा. बाबा हसले आणि म्हणाले, चहा टाक. एवढा शहाणा माणूस, आणि वाटीभर खिरीने असा फसावा याचा मला आजही संताप येतो.

दुसऱ्या दिवशी आल्हाद साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. माणूस पुण्याचा, तिशी-बत्तिशीचा, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावणारा. आवाज म्हणून कधी चढत नाही. ज्याचा आवाजच चढत नाही त्याच्या मनात काय शिजतंय ते समजायचं कसं? मी आत गेले तसा त्यांनी लॅपटॉप अर्धा मिटला. अर्धा का? "बसा ना ताई," म्हणाले, आणि स्वतः उठून मशीनचा चहा घेऊन आले. मॅनेजरने माझ्यासाठी चहा आणलेला मी जन्मात पाहिला नव्हता. कप गरम होता तरी मी तो धरूनच बसले. मग प्रश्न. घरी कोण कोण असतं? मुलगी काय शिकते? अजून किती वर्षं राहिलीत तिची? मी एकेका शब्दात उत्तरं दिली. नोकरीवरून काढायच्या आधी माणसाच्या घरची चौकशी करतात, म्हणजे मन घट्ट करून ठेवता येतं, हे मला न कळण्याइतकी मी दुधखुळी नाही. मग म्हणाले, एक फोटो लागेल. आणि तुम्ही गाड्यांचं कसं लावता, कुणाला आधी सोडता, ते मला जरा समजावून सांगा, वर नीट मांडता यायला हवं. आणि मग, खिडकीतून, गाड्या लागतात त्या डॉककडे बघत, अगदी सहज, "मेहरीनलाही सगळं दाखवून ठेवत जा हं. एकट्या माणसावर किती ताण." झालं! जिब्राननेही त्या नव्या माणसाला असंच सगळं दाखवून ठेवलं होतं. एसीची हवा मानेवर येत होती आणि पाठीला घाम. "ताई, काही मनात असलं तर माझ्याशी मोकळेपणाने बोला," असं ते म्हणाले तेव्हा मला त्यांच्या गळ्याचं ते वरचं बटण खसकन तोडावंसं वाटलं. मी म्हटलं, "काही नाही साहेब. फोटो बघते." आणि चहा तसाच टेबलावर ठेवून बाहेर पडले.

ओवीला सांगितलं तर ती उड्या मारायला लागली. मी म्हटलं, जरा थांब, यात काहीतरी काळंबेरं आहे. मग तिला सगळं समजावलं, अर्धा मिटलेला लॅपटॉप, चहा, मुलीची चौकशी. ती भाजी चिरता चिरता ऐकत होती. "आई, तुला कुणी पेढा दिला तर तू आधी तो फोडून बघशील."

"बघणारच. दुधाने तोंड पोळलंय माझं, ताकही फुंकून पिणार."

"पण ताक गारच असतं ना गं."

तिच्या डोक्यात टपली मारावीशी वाटली. एवढीशी असताना माझ्या ओच्यात लपणारी पोर, आता मला शिकवते. पण रात्रीची पोळी लाटताना माझ्या लक्षात आलं की तिने फोटोसाठी माझी निळी साडी इस्त्री करून खुर्चीवर घालून ठेवलीय. ती साडी मी घडी करून परत कपाटात ठेवली. ओवीने इस्त्रीची वायर गुंडाळून ठेवली. मला तिचा राग आला आणि मग वाईट वाटलं. पण साडी काही मी बाहेर काढली नाही.

पुढचे दिवस मला प्रत्येकाच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसायला लागलं. गेटवरचा वॉचमन आजवर मान वर करून बघायचा नाही, तो 'नमस्ते मॅडम' म्हणायला लागला. कुणीतरी त्याला सांगितलं असणार, बिचारीचे थोडेच दिवस राहिलेत. साहेब जाता-येता फोटोची आठवण करून द्यायचे. एवढी घाई? माणसाच्या कौतुकाची कुणाला कधी घाई झालेली ऐकलीय? गोदामातला रोजचाच वास, पुठ्ठ्याचा, गोंदाचा, तापलेल्या प्लॅस्टिकच्या फिल्मचा, तो मला उगाचच जवळचा वाटायला लागला. माणूस गाव सोडताना एकेक दगड बघून घेतो तसं चाललं होतं माझं. टेबलापलीकडे मेहरीन डबा खायची, एका हाताने घास, दुसऱ्या हाताने माउस, आणि मी तिच्याकडे बघायची. पोरगी सव्वीसची. इंग्रजी फाडफाड बोलते. वडिलांचं दुकान आहे, भाऊ दुबईला. हिला कुठेही मिळेल. बायपासची सगळी गोदामं हिला दार उघडून आत घेतील. हिच्या जाण्याने कुणाच्या घरची चूल बंद पडणार नाही. असं एकेक मी मनात मांडत होते, दुकानदार तागडीत वजनं ठेवतो तसं, आणि पारडं खाली गेल्यावरच थांबले. एकदा तिने डब्यातला मासा माझ्यापुढे सरकवला, "ताई, बोंबील खाणार? अम्मीने मुद्दाम दिलेत तुमच्यासाठी." मी म्हटलं, "आज माझा गुरुवार." गुरुवार नव्हता. तिलाही माहीत होतं की नव्हता.

त्याच दुपारी मी केबिनचं दार ढकललं. "साहेब, माझं नाव नका पाठवू. मेहरीनचं पाठवा. खरं काम तीच करते."

ते चक्रावले. "ताई, नम्रता राहू द्या हो."

"नम्रता नाही. मी माझा निर्णय सांगतेय."

"मी अजून पाठवलेलं नाही. आजचा दिवस विचार करा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. तेव्हा ते उठले, दार लावून घेतलं, आणि दाराला पाठ लावूनच उभे राहिले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज थोडा वेगळा लागला. "ताई, ऐका माझं. तुमचं नाव जावं असं मला मनापासून वाटतंय. मी जे बोलतोय ते जरा समजून घ्या."

पुन्हा मनापासून! मी म्हटलं, "साहेब, मला हरभऱ्याच्या झाडावर चढवू नका. वय झालंय माझं, पडले तर हाड जुळणार नाही." त्यांचा चेहरा उतरला. खरंच उतरला, आणि मला, देवाशपथ सांगते, आनंद झाला. मासा गळाला लागला नाही म्हणून उतरलाय, असं वाटलं मला. बाबांना नाही जमलं ते मला जमलं. बाहेर येऊन मी मशीनचं बटण दाबलं आणि तो भिकार चहा पहिल्यांदाच चवीने प्यायले. मेहरीन टेबलावरून बघत होती. "काय झालं ताई?" "काही नाही, काम कर," मी म्हटलं.

सोमवारी मीटिंगमध्ये तिचं नाव घेतलं. साहेबांनी कुठून तरी तिचं पूर्ण नाव मिळवलं होतं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, आणि ते त्यांनी सावकाश उच्चारलं. शिवाय म्हणाले, "शुभदाताईंनी स्वतः हे नाव सुचवलंय." ते काय गरज होती सांगायची? टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या. मेहरीन पुढे गेली नाही, जागच्या जागी उभी राहिली. डोकं किंचित वर, ओठ घट्ट मिटलेले, डोळे भरलेले. मग तिने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. मी टाळ्या वाजवता वाजवता पॅलेटवरचे खोके मोजायला लागले. त्यानंतर ती रोज लवकर यायला लागली. फोटोसाठी नवी ओढणी घेतली, मला दाखवली. मला तिच्याकडे बघवेना, आणि बघवेना म्हणून मी तिच्यावर नेहमीपेक्षा दुप्पट ओरडत होते. गेटपास असा का, शिक्का तिरका का, फोन दोनदा का वाजला. ती ऐकून घ्यायची. आणि मी वाट बघत होते. कधी बोलावतात तिला, कधी संपतंय हे एकदाचं, असं झालं होतं मला. रात्री पोळी ताटात तशीच राहायची. पण नोकरी वाचली होती ना. तेवढं मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होते.

मग बोलावणं आलं, ते मला. या वेळी चहा नव्हता. साहेबांच्या गळ्याचं बटण उघडं होतं. ते टेबलाकडे बघत म्हणाले, "ताई, दोन्ही टेबलं एक होतायत. महिन्याच्या शेवटापासून." मी म्हटलं, "कळलं. मेहरीनला मीच सांगू का?" हे बोलताना माझ्या आवाजात दयासुद्धा होती, त्या दयेची आज मला किळस येते. त्यांनी मान वर केली. "मेहरीन राहतेय, ताई. ज्यांची नावं कौतुकात वर गेलीत त्यांना हात लावायचा नाही, असं ठरलं होतं. कंपनीला तेवढी माणसं ठेवायची होती, ती त्यातून निवडली." मला आधी काही कळलंच नाही. डॉकवर गाडी लागत होती, तिचा पीप-पीप आवाज मी ऐकत राहिले. मग कळलं, एकदम सगळं. "हे तुम्हाला माहीत होतं?" "सांगायची सक्त बंदी होती. सांगितलं असतं तर माझी..." "तुमची काय? तुमची नोकरी? आणि माझी?" मी उभी राहिले. "कौतुक करायला तोंड होतं तुम्हाला, हे सांगायला नव्हतं? दार लावून मनापासून-मनापासून करत होतात, दोन शब्द सरळ बोलता आले नाहीत? माणसाला जगवायचं असेल तर असं जगवतात का? कोड्यात?" मी खूप बोलले. बाहेरच्यांनी ऐकलं असेल. ते ऐकत उभे राहिले, कान लाल झालेले, आणि शेवटी एवढंच म्हणाले, "मला वाटलं, तुम्ही विश्वास ठेवाल." आणि सांगू? तेव्हाही, त्या क्षणीसुद्धा, माझ्या मनात आलंच, हा माणूस आत्ता खरं बोलतोय कशावरून?

मी टेबलाकडे गेले नाही, डॉकच्या टोकाला जाऊन उभी राहिले. उन्हाने पत्रा तडतडत होता. ओवीची फी, तिचं पुढचं वर्ष, सगळं डोळ्यांपुढे येत होतं आणि कशावरच डोळा ठरत नव्हता. बातमी माझ्या आधी सगळीकडे पोचली होती. अफजलने फोर्कलिफ्ट थांबवली, खाली उतरला, कपाळाला हात लावून म्हणाला, "मॅडम, अपनी कुर्सी दूसरे को दे दी. ऐसा कोई नहीं करता." त्याचे डोळे ओले होते. आयुष्यभर मी लोकांच्या गोड बोलण्यात खोट शोधली, आणि हे पहिलंच अस्सल निघालं, तर खोट माझ्यातच. गिळवेना आणि थुंकवेना. मी त्याला म्हटलं, "जा रे, काम कर." तो आणखीच आदराने गेला.

मग मेहरीन आली. माझ्यापासून दोन हात लांब उभी राहिली. "ताई, साहेबांनी सांगितलं मला."

"हां."

"सगळे म्हणतायत, ताईंनी..."

"सगळ्यांना घाल चुलीत!" मी ओरडलेच. "मेहरीन, ऐक नीट. जागाबिगा काही दिली नाही मी तुला. मला वाटलं, जिचं नाव जाईल ती जाणार. म्हणून तुझं पुढे केलं. कळलं? तुला खड्ड्यात ढकललं मी. उगाच मला देवबिव करू नका कुणी."

मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर हिंदीत सुरू होईल. ती खाली बघत राहिली. "माहितीये," म्हणाली.

"काय माहितीये?"

"तुमचंच वाक्य ना ते, ताई. तीन वर्षं ऐकतेय. साहेबांनी मीटिंगच्या आधी मला सांगितलं, की तुम्ही माझं नाव दिलंत. मला तेव्हाच कळलं तुम्ही का दिलंत."

"मग नाही का नाही म्हणालीस? नको म्हणून सांगायचंस तिथल्या तिथे!"

"म्हणणार होते." ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. "पण मग वाटलं, एकदा ऐकू तरी. ताई, माझं नाव इथे कोण घेतं? हजेरीला नाहीतर ओरडायला. जायचंच असेल तर जाऊ, त्यात काय. पण सगळ्यांसमोर कुणीतरी चांगलं म्हणतंय, ते ऐकून जाऊ. रडायला आलं ना मला तेव्हा, ते दोन्हीसाठी आलं, नाव घेतलं म्हणून आणि तुम्ही ते का दिलंत म्हणून."

मी डॉकच्या कठड्याला धरलं. ही पोरगी मला ओळखून होती, मी काय करतेय ते समजून टाळ्यांमध्ये उभी राहिली होती, आणि नंतर इतके दिवस माझं ओरडणं ऐकून घेत होती. माफी मागावी असं वाटलं, पण माफीचा शब्द तोंडाशी आला तो वेगळाच होऊन आला. "तू काम फार चांगलं करतेस," मी म्हटलं. "पहिल्या आठवड्यापासून. मला तुझ्याएवढं कधी जमलं नाही." असं काही मी कुणाला म्हटल्याचं मला आठवत नव्हतं.

मेहरीन माझ्याकडे बघायला लागली. चेहऱ्यावर काहीच हललं नाही, डोळे तेवढे बारीक झाले. "आणि?" तिने विचारलं.

"आणि काय?"

"पुढचं बोला ना, ताई. काय करायचंय माझ्याकडून?"

"काही नाही गं. एवढंच होतं."

"हां," ती म्हणाली आणि तिने मान हलवली. पण गेली नाही. मी पुढे काय बोलते त्याची वाट बघत ती तिथेच उभी राहिली.